नारबाचा सोळा तासांचा उपास

एका गावात एक भोळा गिरणीवाला होता. गावाचं नाव मी सांगणार नाही, गावकऱ्यांनी तशी गळच घातली आहे. गिरणीवाल्याचं नाव मात्र नारबा. बारीक सांगितलं तर बारीक दळायचा, जाड सांगितलं तर जाड दळायचा, आणि काहीच सांगितलं नाही तर डबा संध्याकाळपर्यंत तसाच ठेवायचा. सांगितल्याशिवाय काही करायचं नाही आणि सांगितलेलं मोडायचं नाही, हा त्याचा बाणा. कुणी चार शब्द शहाणपणाचे सांगितले की तो खांद्यावरच्या पंचाला एक गाठ मारायचा. विसरायला नको म्हणून.

नारबाचं वजन होतं शंभर किलो. त्याची स्वतःची याबद्दल काही तक्रार नव्हती. तक्रार होती बायकोची.

बायको हौसा. तिचं माहेर घाटापलीकडे. नारबाकडे एक जुनी मोपेड होती. सपाटीला ती दोघांना कशीबशी ओढायची, पण घाट लागला की मधेच बसायची. म्हणून लग्नाला अकरा वर्षं झाली तरी हौसा माहेरी जायची एसटीनं आणि नारबा जायचा मोपेडवरून. हौसाच्या दोघी बहिणी आपापल्या नवऱ्याच्या मागे बसून, पदर सावरत, माहेरच्या दारात उतरायच्या. हौसा उतरायची स्टँडवर आणि पिशवी घेऊन चालत घरी जायची. कुणी काही बोलायचं नाही, पण तिला ते फार लागायचं.

आता तिच्या धाकट्या भावाचं लग्न ठरलं. तीन महिन्यांनी तारीख होती. हौसा नारबासमोर येऊन बसली आणि म्हणाली, "एकदा तरी तुमच्या मागं बसून मांडवाच्या दारात उतरायचंय मला. दुसरं काही मागत न्हाई."

नारबाला गहिवरून आलं. तो मोपेड घेऊन गॅरेजवाल्याकडे गेला. गॅरेजवाल्यानं गाडीकडे पाहिलं, नारबाकडे पाहिलं आणि सांगितलं की दोघांचं मिळून दीडशे किलोच्या आत आणा, मग घाट चढेल. हौसाचं वजन अठ्ठावन्न. म्हणजे नारबानं ब्याण्णववर यायला हवं. हिशेब सोपा होता. आठ किलोंचा काय तो प्रश्न होता.

नारबा दवाखान्यात गेला. डॉक्टरीणबाई नव्या होत्या, मोठ्या उत्साही होत्या. त्यांनी कागदावर घड्याळ काढून दाखवलं. दुपारी बारा ते रात्री आठ, हे आठ तास जेवणाचे. बाकीचे सोळा तास उपास. त्या स्वतःही हेच करत होत्या आणि त्यांना अगदी हलकं हलकं वाटत होतं. नारबा म्हणाला, "बरं." आणि त्यानं पंचाला गाठ मारली.

घरी येऊन त्यानं हौसाला सांगितलं की आजपासून रोज सोळा तास उपास. हौसाला भरून आलं. एवढा कडक उपास तिच्या सासऱ्यांनीही आयुष्यात केला नव्हता. तिनं लगेच साबुदाणा भिजत घातला.

आठला भाकरी-कालवण आटपायचं आणि साडेआठला नारबा उपासाला बसायचा. साबुदाण्याची खिचडी, वर दही, सोबत बटाट्याचा पापड. सकाळी उठल्यावर रताळ्याचा कीस. नऊला वरीचा भात आणि दाण्याची आमटी. साडेदहाला शेंगदाण्याचा लाडू, कारण उपासानं थकवा येतो. बाराला उपास सुटायचा, मग आठ तास रोजचं जेवण. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात, ते वर्षातून चोवीसदा. नारबाची एकादशी रोज होती.

पंधरा दिवसांनी दवाखान्यातल्या काट्यानं एकशे तीन दाखवले. बाईंनी विचारलं, उपासाच्या वेळात काय घेता? नारबानं छाती काढून सगळं सांगितलं आणि वर म्हणाला, "कांदा-लसणाला हात लावला न्हाई, बाई."

बाईंनी चष्मा काढून पुसला. मग एकेक शब्द सुटा करून त्या म्हणाल्या, "उपासाच्या वेळात फक्त पाणी. बाकी तोंड उघडायचंच नाही. समोर काहीही होऊ द्या."

नारबा म्हणाला, "बरं." पंचाला दुसरी गाठ बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नारबा गिरणीच्या ओट्यावर तोंड मिटून बसला होता. समोरच्या द्वारकाकाकूंनी बाजेवर जुनं लुगडं पसरून त्यावर कुरडया वाळत घातल्या होत्या. काकूंना नदीवर जायचं होतं. त्या जाताना नारबाला म्हणाल्या, जरा लक्ष ठेव बाबा. नारबानं मान हलवली.

काकू गेल्या आणि शेळी आली. शेळीनं पहिली कुरडई खाल्ली. नारबानं लक्ष ठेवलं. शेळीनं नारबाकडे पाहिलं. नारबानं शेळीकडे पाहिलं. शेळीला वाटलं, माणूस बरा आहे. तिनं पहिली ओळ संपवली, मग दुसरी. मग ती जाऊन आपली दोन पिल्लं घेऊन आली. काकू परत आल्या तेव्हा कुरडया संपल्या होत्या आणि लुगड्याचा काठ चालू होता.

काकूंनी कपाळावर हात मारून घेतला आणि नारबाला नको नको ते विचारलं. नारबानं भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. साडेअकरा वाजले होते. काकू अर्धा तास बोलत राहिल्या. बाराचा ठोका पडला तसं नारबानं तोंड उघडलं.

"काकू," तो म्हणाला, "शेळीनं खाल्ल्या."

काकूंनी रागाच्या भरात त्याला अक्कल शिकवली. "पुन्हा असं अवेळी कुणी खाताना दिसलं तर काठी घ्यायची आन् गावाबाहेर हाकलायचं. ध्यानात राहील का?" नारबा म्हणाला राहील. आणि तिसरी गाठ मारली. चूक झाली याचं त्याला मनापासून वाईट वाटलं होतं.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी हौसाचे वडील तात्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. घाटातला पहिला एसटीचा फेरा धरून निघालेला माणूस, नऊला दारात हजर. लेकीनं पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडला आणि गरम पोह्यांची बशी हातात दिली. तात्यांनी पहिला घास घेतला आणि नारबा गिरणीतून घरात आला. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. साडेनऊ. तात्यांकडे पाहिलं. तात्या खात होते.

नारबानं कोपऱ्यातली काठी उचलली.

पुढचं सगळ्या गावानं पाहिलं. तात्या पुढे, हातात पोह्यांची बशी. नारबा मागे, हातात काठी. मागे हौसा, "अवो, अवो" करत. तात्या पळता पळता विचारत होते की जावईबापू, माझं काय चुकलं? नारबा सांगणार होता, त्याच्या मनात सासऱ्यांबद्दल काही वाईट नव्हतं. पण बारा वाजायला अजून अवकाश होता. तेव्हा त्यानं तोंड उघडलं नाही. स्टँडवर एसटी उभीच होती. तात्या बशीसकट आत चढले, आणि नारबानं गाडी गावाबाहेर जाईपर्यंत काठी खाली केली नाही.

त्या दिवशी हौसा चुलीपाशी बसून रडली. ज्या दारात मानानं उतरायचं, त्या घरच्या कर्त्या माणसाला काठीनं हाकललं. आता कसलं लग्न आणि कसली मागची सीट. बारा वाजल्यावर नारबा तिच्याजवळ येऊन बसला आणि त्यानं विचारलं, माझं काय चुकलं? हौसानं डोळे पुसले. नवरा भोळा आहे, वाईट नाही, हे तिला अकरा वर्षांत कळून चुकलं होतं.

"जेवणारा माणूस बसला ना, की त्याचं ताट कधी रिकामं हू द्यायचं न्हाई," ती म्हणाली. "ही रीत हाय आपली. एवढं जरी ध्यानात ठेवलंत तरी पुरं."

नारबानं चौथी गाठ मारली. पुढे तात्यांना त्यानं हौसाकडून लांबलचक माफीचं पत्र लिहवून घेतलं. तात्यांचं उत्तर आलं की लग्नाला दोघं या, काठी घरी ठेवा.

आणि इथून नारबाचं नशीब फिरलं. तो जेवायला बसला. ताटात दोन भाकरी, पिठलं, ठेचा. त्यानं अर्धी भाकरी खाल्ली आणि थांबला. अजून खाल्लं तर ताट रिकामं व्हायला लागणार. जेवणारा तोच होता, आणि ताट तर रिकामं होऊ द्यायचं नव्हतं. त्यानं अजून एक घास घेतला, ताटाकडे बघितलं, हात धुतला. संध्याकाळीही तेच. पोटात कावळे ओरडायचे, पण समोर ताट भरलेलं आहे याचं त्याला समाधान वाटायचं. हौसाला वाटलं, तात्यांना हाकलल्याचं मनाला लागलंय, पश्चात्तापानं अन्न गोड लागत नाहीये. तिचा राग पार विरघळला. उरलेली भाकरी शेळीला जायची. द्वारकाकाकूंच्या कुरडया खाल्लेली ती शेळी तेवढ्यात चांगली गुटगुटीत झाली.

एकीकडे सोळा तास तोंड बंद, दुसरीकडे आठ तास ताट भरलेलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नारबा काट्यावर उभा राहिला तेव्हा काट्यानं बरोबर ब्याण्णव दाखवले. त्याची पँट पंचानं बांधलेली होती. चारही गाठी कमरेवर ओळीनं बसल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी त्याला खुर्चीवर बसवून कसं जमवलं ते विचारलं. नारबा म्हणाला, सांगितलेलं मोडलं नाही. बाई म्हणाल्या, सगळे पेशंट असेच असते तर किती बरं झालं असतं. मग उद्या लग्नाला जाणार हे कळल्यावर त्यांनी बोट उचलून बजावलं.

"एक लक्षात ठेवा. कमी केलेलं वजन परत घ्यायचं नाही. जवळची माणसंच आग्रह करतात. हात जोडतील, शपथा घालतील, रडतीलसुद्धा. तुम्ही विरघळायचं नाही."

नारबा म्हणाला, "बरं." पाचव्या गाठीला पंचात जागा नव्हती. म्हणून त्यानं ती शर्टाच्या टोकाला मारली.

लग्नाच्या दिवशी हौसा पहाटेच उठली. ठेवणीतलं हिरवं नऊवारी नेसली, नथ घातली, मोपेडला हळदकुंकू वाहिलं आणि मागच्या सीटवर बसली. मांडीवर भावाच्या आहेराची तांब्याची कळशी. मुहूर्त संध्याकाळचा होता, म्हणून बाराचा ठोका पडल्यावरच दोघं निघाली. वेशीपर्यंत ती सगळ्यांना हात करत होती. नारबालाही फार बरं वाटत होतं. इतक्या वर्षांत बायकोनं एकच गोष्ट मागितली होती आणि ती त्यानं दिली होती.

घाट लागला. मोपेड चढली. पहिलं वळण, दुसरं वळण, तिसरं वळण. हौसा गाणं म्हणायला लागली. शेवटचं वळण मोठं अवघड, आणि तिथे मोपेड थबकली. गॅरेजवाल्यानं दीडशे सांगितले होते, कळशी त्यानं धरली नव्हती. हौसा म्हणाली, मी उतरते, एवढा चढ चालत येते, तुम्ही वर थांबा. ती कळशी घेऊन उतरली आणि मोपेड सुसाट वर गेली. इतकी हलकी ती कधीच चालली नव्हती.

नारबा वर थांबला. सांगितलं होतं ना थांबायला. हौसा धापा टाकत वर आली, कळशी बगलेत घेतली, मोपेडच्या पायरीवर पाय ठेवायला लागली. तिथून पुढे सगळा उतार होता आणि खाली मांडव दिसत होता.

नारबाचा हात शर्टाच्या टोकाकडे गेला. त्याचा चेहरा पडला.

"हौसा," तो म्हणाला, "कमी केलेलं वजन परत घ्यायचं न्हाई."

हौसाला आधी हसू आलं. मग तिच्या लक्षात आलं की हा थट्टा करत नाहीये. तिनं हात जोडले. बाईंनी सांगितलंच होतं, हात जोडतील. तिनं आईची शपथ घातली. तेही सांगितलं होतं. मग ती मटकन दगडावर बसली आणि रडायला लागली. नारबाचे डोळे डबडबले. पण तो विरघळला नाही. त्यानं गाडी सोडली.

खाली मांडवाच्या दारात सनई वाजत होती. हौसाची आई हातात भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती, लेक-जावयावरून ओवाळून टाकायला. शेजारी दोघी बहिणी. मागे तात्या, जरा अंतर राखून. नारबा आला, उतरला, आणि सगळ्यांनी त्याच्या मागे पाहिलं. मागे सीट होती.

"जावईबापू, हौसा कुठाय?" आईनं विचारलं.

"कमी केली," नारबा म्हणाला. मग त्याला वाटलं, नीट सांगायला हवं. "तीन महिन्यांत आठ किलो झालं हुतं, आई. आज एका वळणावर अठ्ठावन्न झालं. कळशी धरून बासष्ट."

आईच्या हातातला तांब्या खाली पडला. तात्या घाटाच्या दिशेनं पळत सुटले. पण त्यांना लांब जावं लागलं नाही. डॉक्टरीणबाईंची दर मंगळवारी घाटापलीकडच्या दवाखान्यात फेरी असायची, आणि त्यांची स्कूटर उतारावरून खाली येत होती. मागच्या सीटवर हौसा, नथ सावरत. मांडीवर कळशी. स्कूटर थेट मांडवाच्या दारात थांबली. हौसा पदर सावरून उतरली आणि आयुष्यात पहिल्यांदाच सगळं माहेर तिला मागच्या सीटवरून उतरताना बघत उभं राहिलं.

बाई लालबुंद झाल्या होत्या. त्या नारबापुढे येऊन उभ्या राहिल्या. पण त्या काही बोलायच्या आत नारबानंच खेदानं मान हलवली.

"बाई," तो म्हणाला, "मला एवढं बजावलंत, आन् तिनं जरा हात जोडले तर तुम्हीच परत घेतलंत?"