पाखरीचा पहिला घास

शपथेवर सांगतो, या गोष्टीतला शब्द न् शब्द खरा आहे. मी तिथं उभा राहून या डोळ्यांनी पाहिलं. आता, हे घडलं तेव्हा माझे पणजोबाही जन्मले नव्हते, हे मान्य. पण म्हणून काय झालं? संताप यायला माणूस तिथं हजर असावाच लागतो असं थोडंच आहे?

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा राज्य करीत होता. त्या राज्याची रीत अशी, की लढाईवरून परतलेल्या स्वारानं घोड्याचा लगाम आपल्या हातानं उतरवायचा, पुरणपोळीचा पहिला घास घोड्याला भरवायचा, आणि मगच आपल्या घराचा उंबरा ओलांडायचा. राजा असो वा शिपाई, रीत एकच.

वज्रसेनानं शत्रूचं राज्य जिंकलं. तिथला सोन्याचा खजिना घोड्यांच्या पाठीवर लादून डोंगरांमागून डोंगर ओलांडत आणला. घोड्यांच्या पाठी सोलल्या, खूर फुटले. आणि हा बहाद्दर पाखरीवरून, म्हणजे आपल्या पंचकल्याणी घोडीवरून उतरला तो तडक पंगतीत जाऊन बसला! स्वतः जेवला. वर ढेकर देऊन म्हणाला, "लढाई संपली. आता या लिदीचा वास कशाला हवा? हाकला सगळ्यांना डोंगरावर."

ढोल बडवून, चाबूक ओढून घोडे काळकड्यावर हाकलले. काहींच्या तोंडात लगाम तसेच होते. तसेच, हो!

मग राजानं त्या सोन्याचं सिंहासन घडवलं आणि त्यावर बसला. उठायला गेला, तर उठवेना. पाहतो तो पावलं सोन्याची झालेली.

दरबारी टाळ्या पिटू लागले. "महाराजांचे चरण सुवर्णाचे झाले! केवढा शुभशकुन!" शकुन घोट्यावरून गुडघ्यावर चढला, तरी यांच्या टाळ्या चालूच.

राणी चंपावती मात्र तळघरात गेली. जिंकलेल्या राज्याचा मांत्रिक विरूपाक्ष तिथं कैदेत होता.

"शाप कुणाचा?" राणीनं विचारलं.

"सोन्याचा. ज्यांनी ते वाहिलं त्यांचा मान राहिला, तर ते निमूट राहतं. नाहीतर बसणाऱ्याला आपल्यासारखं करून टाकतं. काळजापर्यंत पोचलं, की राजा संपला."

"उपाय?"

"तीन कामं. वाऱ्याची खिंड पार कर. घोड्यांच्या पाणवठ्यावर पाणी पी. आणि पाखरीला बळ न करता खाली आण."

राणी निघाली. ओस पडलेल्या पागेत एक साळुंकी राहत होती. ती वाट दाखवायला पुढं उडाली. उडता उडता बोलतही होती, आणि बोलणं काही गोड नव्हतं.

"नवऱ्यानं शेण खायचं आणि बायकोनं डोंगर चढायचा. छान चाललंय तुमच्यात!"

खिंडीत वाऱ्यानं विचारलं, "कोण?"

"महाराणी चंपावती."

वाऱ्यानं तिला पालापाचोळ्यासारखं मागं फेकलं. ती उठली. पुन्हा प्रश्न आला, "कोण?"

"राजा वज्रसेनाची पत्नी." पुन्हा फेकलं. कोपर फुटलं.

"कोण?"

"जिच्या घरात अन्याय झाला आणि जी तेव्हा गप्प बसली, ती!" राणी ओरडली. वारा बाजूला झाला.

पलीकडे पठार होतं. तिथं घोडे होते. पण ते आता पागेतले घोडे राहिले नव्हते. आयाळींत काटे गुंतलेले, अंगावर लांडग्यांच्या दातांचे वण, आणि डोळ्यांत माणसाची ओळख म्हणून नाही. राणीला पाहताच सारा कळप उधळला. डोंगर मृदंगासारखा घुमला. तहानेनं कासावीस झालेली राणी पाणवठ्याशी वाकली, तशी साळुंकी किंचाळली, "इथंही घोड्यांच्या आधी तूच का?"

राणी मागं सरून बसली. घोडे एकेक करून आले, पाणी प्याले. शिंगरांनी पाण्यात उड्या मारून चिखल केला. सगळे फिरले, तेव्हा राणीनं तो चिखल ओंजळीत घेतला आणि प्याली.

तेव्हा पाखरी पुढं आली आणि माणसासारखी बोलली. "कमरेला काय लपवलंयस?"

राणी शरमली. सवयीनं तिनं घोडीला बांधायला रेशमाचा दोर आणला होता. तिनं तो दरीत भिरकावला.

"घास आणलास?"

"नाही. तो ज्याचा त्यानंच द्यायचा. मी दिला तर तुमचा अपमान होईल."

"आमचा गुन्हा काय होता?"

"काहीच नाही."

पाखरी बराच वेळ फुरफुरत राहिली. मग म्हणाली, "येते. त्याला वाचवायला नाही. मला त्याचं तोंड पाहायचंय."

सारा कळप खाली उतरला, दरबारात शिरला. गालिचे तुडवले, लोड फाडले, टाळ्या पिटणारे खांबांवर चढून बसले. सोनं राजाच्या छातीला भिडलं होतं. राणीनं त्याच्या हातात पुरणपोळी ठेवली.

"महाराज, घास द्या."

"राजानं जनावरापुढं हात करायचा?" सोनं बोटभर वर सरकलं. राजाचा श्वास अडला. आणि मग, पश्चात्तापानं डोळे भरून, त्यानं हात पुढं केला. पाखरीनं पोळी हुंगली, अर्धी खाल्ली, अर्धी त्याच्या तळहातावर ठेवली. राजानं ती उष्टी पोळी खाल्ली, तशी सिंहासनाची राख झाली, अंगावरचं सोनं उतरलं आणि तो धपकन जमिनीवर आपटला.

राजानं स्वहस्ते उरलेले लगाम उतरवले. विरूपाक्षाला मोकळं केलं. घोडे आपल्या डोंगरावर परत गेले. आजही त्या राज्यात लढाई होवो न होवो, दर दसऱ्याला गादीवरचा राजा पायी काळकडा चढतो आणि घोडे जेवल्यावर जेवतो.

आता, यात एवढंसं मी पदरचं घातलंय. बोलणारी घोडी खरी, साळुंकी खरी, सोनंही खरं. राजानं आपण होऊन हात पुढं केला, ते तेवढं खोटं. हात राणीनं मनगट धरून ओढला होता, आणि ओढताना तिचं फुटलेलं कोपर पुन्हा वाहू लागलं. पाखरीनं त्या कोपराकडे पाहिलं, आणि मग घास घेतला.