घागरीचा कौल

तांबसवाडीच्या निवडणुकीत तात्यासाहेब पडले आणि आठवडाभर आधीच त्यांचा विजय जाहीर करून बसलेल्या 'रणशिंग' वाहिनीची नाचक्की झाली. पण आपण चुकलो असं म्हणेल तो अँकर कसला! विश्वंभर राजोपाध्ये आपली माणसं आणि कॅमेरा घेऊन गावच्या शाळेत उतरले आणि थेट प्रक्षेपण सुरू केलं.

"मतदान केंद्रावर तुम्हीच होतात ना? मग घोटाळाही तुमचाच!" ते मुख्याध्यापिका तेलंगेबाईंवर गरजले. "अख्ख्या गावाने आमच्या कॅमेऱ्यासमोर तात्यासाहेबांचं नाव घेतलं होतं. मतं गेली कुठे? आज तुमची नोकरी घालवतो की नाही बघा!"

बाई जमलेल्या लोकांकडे वळल्या. "यांच्या बातम्यांवर कुणाकुणाचा विश्वास आहे?"

कॅमेरा फिरला, तसे झाडून सगळे हात वर गेले. राजोपाध्ये खुलले.

"आता हेच घागरीला विचारू." बाईंनी शाळेतली रिकामी घागर मधोमध ठेवली, पोषण आहाराच्या कोठीतून तांदूळ आणि तूरडाळ मागवली आणि प्रत्येकाच्या हातावर दोन्हींचा एकेक दाणा ठेवला. "विश्वास असेल तर तांदूळ, नसेल तर डाळ. मूठ झाकून एकच दाणा घागरीत टाका. साहेब, तुम्ही आणि तुमची माणसंही टाका."

राजोपाध्यांनी स्वतः घागर उपडी केली, स्वतः मोजलं. तांदूळ निघाले तीन.

"हाही घोटाळा! हात तर सगळ्यांनी वर केले होते!"

"कॅमेऱ्यापुढं नाही कोण म्हणंल, बाबा?" मागून एक म्हातारी म्हणाली.

"गावाचं सोडा, साहेब," बाई हसल्या. "तुमच्यासकट तुम्ही पाच जण आलात. आधी तुमच्यातले डाळ टाकणारे दोघं शोधा."

कॅमेरावाल्याने घाईघाईने थेट प्रक्षेपण बंद केलं.