ओट्यापाशी वाकलेला रस्ता

“हयसर रस्तो वाकडो कित्याक?”

धाकूबुवांचं बोट नकाशावर एका जागी येऊन थांबलं होतं. समोर, मठीच्या ओट्यावरच, शिरीष केळुसकर मांडी घालून बसला होता. त्याला वाटलं होतं, बुवा आधी सरळ भाग बघतील, दोन शब्द कौतुकाचे बोलतील. पण म्हातारा नेमका वाकड्यावर गेला.

“थंय तुमचो ओटो आसा, बुवा.”

“मगे?”

“मगे म्हंजे... तो कसो तोडूचो?”

बुवांनी बोट तिथून उचललं नाही.

मुरवेळच्या किनाऱ्यावरचा तो रस्ता म्हणजे नुसती धुळवड होती. समुद्र बघायला येणाऱ्यांच्या जीपा, बसगाड्या, फटफट्या सगळ्या त्या एका रस्त्यात घुसायच्या आणि एकमेकींच्या नावाने हॉर्न मारत बसायच्या. गावची माणसं, कोळणी, शाळेची पोरं कडेच्या मातीतून अंग चोरून चालायची. समुद्र हातभर अंतरावर, पण त्याच्याकडे बघायची सोय नाही. बघितलं तर पायावर चाक.

शिरीष याच गावचा. शहरात जाऊन रस्त्यांचे आराखडे करायला शिकला होता आणि नाव कमावून होता. गावाने बोलावलं तसा हातातलं काम टाकून आला. गाड्यांना एकाच दिशेची एक पट्टी, उभ्या करायला मागचं मैदान, आणि समुद्राच्या अंगाने चालणाऱ्यांसाठी ऐसपैस फरसबंदी वाट. वाटेवर उंडीच्या झाडांची सावली, टेकायला कट्टे. आराखडा खरोखरच देखणा होता, आणि हे शिरीषला कोणी सांगावं लागत नव्हतं.

फक्त एका ठिकाणी ती ऐसपैस वाट निमुळती होत नाहीशी व्हायची. तिथे धाकूबुवांच्या मठीचा जांभ्या चिऱ्याचा ओटा रस्त्यात पुढे आला होता. माणसाने तेवढ्यापुरतं गाड्यांच्या पट्टीत उतरायचं, ओटा ओलांडायचा आणि पुन्हा वर चढायचं.

शिरीषला हे दिसत नव्हतं असं नाही. पण त्याचा बाप होडीवरून गेला तो परत आला नाही, तेव्हा या पोराला बुवांनी याच ओट्यावर बसवून घेतलं होतं. पेज वाढली, कंदील दिला, नापास झाला तेव्हा पाठीवरून हात फिरवला आणि पास झाला तेव्हा कान पिळला. त्या ओट्याला पहार लावायची म्हणजे आईच्या चुलीवर पाय देण्यासारखं होतं. उपकार फेडता येत नसतात, निदान ते जपावेत, एवढंच त्याच्या मनात होतं. आणि खरं सांगायचं तर, आपण किती कृतज्ञ आहोत हे गावाने बघावं, असंही थोडंसं होतं.

गावाने बघितलं, पण भलतंच. समोरच्या बाबल शेटचं सोडा-सरबताचं दुकान. नव्या रस्त्यात त्याच्या दुकानाची पायरी आणि पुढचं पत्र्याचं छप्पर जाणार होतं. तो सगळ्यांच्या आधी उठला. बुवांचा ओटा राहतो तर माझी पायरी का जावी, असं त्याने भर बाजारात विचारलं. शिरीषने त्याला फाडकन उत्तर दिलं, की बुवांच्या ओट्याशी सोड्याच्या पायरीची बरोबरी करायला जीभ तरी कशी रेटते. झालं. बाकीचे दुकानदारही बाबलच्या मागे उभे राहिले. ओटा राहिला तर आमचीही छपरं राहतील, असं सगळ्यांनी ठणकावलं.

उद्या सकाळी नगरपंचायतीत सुनावणी होती. तिथे आराखडा पडला तर पुन्हा कोणी उचलणार नव्हतं. म्हणून शिरीष आला होता. बुवांनी तिथे येऊन एक शब्द टाकावा, बास. त्यांचा शब्द गावात कोणी ओलांडत नसे.

हे सगळं सांगून झालं. बुवांनी नकाशाची गुंडाळी केली आणि बाजूला ठेवली.

“बस हय. गाडयेकडे बघू नको. माणसांकडे बघ.”

उन्हं कलली होती. रस्त्यावर वर्दळ वाढली. माणसं कडेकडेने येत, ओट्यापाशी पोचत आणि खाली डांबरावर उतरत. उतरताना प्रत्येक जण बुवांकडे वळून हात जोडी. मास्तर आले, त्यांनी हात जोडले. दोन पोरी सायकली ढकलत आल्या, त्यांनी मान लववली. पाठीमागे गाड्या कोकलत होत्या.

शिरीषला भरून आलं. बघा, किती मान आहे, असं त्याला वाटलं. हा ओटा राखला तो काही उगाच नव्हे.

मग पारूमावशी आली. डोक्यावर मासळीचं घमेलं, दोन्ही हात त्याला धरलेले. ओट्यापाशी ती रस्त्यावर उतरली. हात मोकळे नव्हते, म्हणून नुसती बुवांकडे वळून डोळे मिटून उभी राहिली.

मागून जीप आली... चाकं कर्कश ओरडली.

जीप तिच्या लुगड्याच्या काठाशी येऊन थांबली. घमेलं डोक्यावर डुलत राहिलं आणि दोन बांगडे तेवढे खाली पडले. शिरीष धावत उतरला. मावशीला काही झालं नव्हतं. तिने घमेलं सावरलं आणि ओट्याकडे बघून म्हणाली, “तुमची पुण्याई, बुवा. वाचलंय.”

आणि ती खरोखर समाधानाने पुढे गेली.

बुवा तसेच बसून राहिले. त्यांचा चेहरा एवढा उतरलेला शिरीषने कधी पाहिला नव्हता, बापाची होडी परत आली नाही त्या दिवशीसुद्धा.

मग ते उठले. आत गेले आणि पहार घेऊन बाहेर आले. ओट्याच्या कोपऱ्यातल्या चिऱ्याखाली त्यांनी ती रुतवली.

शिरीषने पहारच धरली.

“बुवा, ह्या ओट्यावर मी माणूस झालंय.”

“झालंस मा?” बुवा म्हणाले. “मगे ओट्याचा काम झाला.”

शिरीषचे हात सुटले...

बुवांनी जोर लावला. म्हातारं हाड, चिरा कसला हलतोय. ते पुन्हा वाकले. समोर बाबल शेट दुकानाच्या पायरीवर उभा राहून मघापासून सगळं बघत होता. तो रस्ता ओलांडून आला. शिरीषकडे त्याने बघितलंही नाही. बुवांसमोर हात पुढे केला.

“द्या हकडे.”

बाबलच्या एका हिसक्यात चिरा निघाला. तो बाजूला ठेवून त्याने दुसऱ्याला पहार लावली. दुसराही निघाला. मग पहार खांद्यावर टाकून तो परत फिरला आणि स्वतःच्या पायरीशी जाऊन बसला. पायरीवरून त्याने एकदा हात फिरवला. ती त्याच्या बापाने बांधलेली होती. मग पहिला घाव त्याने तिथे घातला.

शिरीषला आता मान वर करवेना. ज्या माणसाला तो भर बाजारात तोडून बोलला होता, तोच त्याचा रस्ता मोकळा करत होता. सुनावणीची काळजी मिटली होती, पण त्याला तिची आठवणही राहिली नव्हती. तो रस्ता ओलांडून बाबलकडे गेला, वाकला आणि पायरीचा सुटलेला चिरा त्याच्याबरोबर उचलायला लागला. बाबलने एक टोक धरलं, याने दुसरं.

मग शिरीष परत आला. ओट्याचा कोपरा उघडा पडला होता आणि आतली लाल माती दिसत होती. त्याने ती बोटांनी कपाळाला लावली. डोळे वाहत होते आणि ते पुसायची त्याला लाज वाटली नाही.

“बुवा, जा काय माका मिळाला, ता सगळा हयसर मिळाला.” जरा थांबून त्याने विचारलं, “आता तुमच्या पायाकडे मी खंय बसू?”

बुवांनी काठी घेतली. निघालेल्या चिऱ्यांच्या जागेत त्यांनी पाय ठेवला आणि समुद्राच्या अंगाने चालायला लागले.

“पायाकडे बसतंस कित्याक? पायांबरोबर चल.”