देवाचे आधी बोला

मार्गशीर्ष शुद्ध षष्ठी. पहाटेपासून तळ्यावर दाट धुके. वारा अजिबात नाही.

पूर्वी शोणनगरीत राजा अरिष्टसेन नावापुरते राज्य करीत असताना बोधिसत्त्व नावाड्याच्या कुळात जन्मला होता. नाव सुयाम. राजाच्या दोन मुलांत नऊ वर्षे यादवी चालली होती. तळ्याचा उत्तर काठ एकाचा, दक्षिण काठ दुसऱ्याचा. ओलांडेल त्याला बाण. दक्षिण काठच्या सुयामची लेक कोकिला उत्तरेला दिलेली. नऊ वर्षांत त्याने तिचे तोंड पाहिले नव्हते.

एकमेकांच्या जमिनीवर बसायला कोणी तयार नसे, म्हणून तहाची बोलणी सुयामच्या नावेत होत. सात वेळा झाली. दरवेळी कैदी, कुरणे, पाणी यांचे ठरे. मग ‘देवाचे शेवटी पाहू’ म्हणून मागे ठेवलेली तळ्यातली टेकडी निघे आणि सारे मोडे. उत्तरेकडचे म्हणत, ती सूर्याने आम्हांला दिली. दक्षिणेकडचे म्हणत, नागाने आम्हांला.

आज आठवी खेप. उत्तरेचा पुरोहित श्रीगर्भ आणि दक्षिणेचा सेनापती व्याघ्रदत्त समोरासमोर बसले होते. धुक्यात दोन्ही काठ विरघळले. टेकडी पाण्यापासून सुटून तरंगत असल्यासारखी दिसू लागली. सुयामने वल्हे आत घेतले.

“मालक, या वेळी देवाचे आधी बोला.”

“तू न्याय देणार होय रे?” सेनापती हसला. “टेकडी नागाची म्हण. जन्मभर हा घाट तुझा.”

“मला वल्हे कळते, मालक, देव कळत नाही. एवढेच विचारतो, सूर्यदेवाला टेकडीवर काय लागते?”

“उगवतीला अर्घ्य,” पुरोहित म्हणाला. “आणि या मिशाळाचे तोंड दिसायला नको.”

“नागदेवाला?”

“तिन्हीसांजेला दूध. आणि या घंटाबडव्याची बडबड नको.”

“मग वेळ तर वेगळीच आहे. टेकडी कोणाची?”

“देवाची!” दोघे एकदमच म्हणाले.

“तर तिच्यावर राजपुत्रांचा किल्ला नको, निशाणही नको. माणसांनी जावे, हात जोडावे, परत यावे.”

नाव आपल्याच नादात फिरत राहिली. कोणता काठ कोणाचा, हे तिघांनाही उमगेना. मग पुरोहित पुटपुटला, “सूर्य डोक्यावर यायच्या आत मी टेकडीवरून उतरेन.”

“सावकाश उतर,” सेनापती म्हणाला. “वाट निसरडी आहे.”

बाकीचे दुपारपर्यंत ठरले. संध्याकाळपर्यंत चौदा नावा तळे ओलांडून गेल्या. कोकिला तिसऱ्या नावेत होती.

ही कथा संपवून शास्ता बुद्ध समोर बसलेल्या भिक्षूंना म्हणाले, “एका आसनावरून सात दिवस अबोला धरलेले हे दोन स्थविर, तुमच्यातले वृद्ध भिक्षू, तेव्हाचे पुरोहित आणि सेनापती. कोकिला म्हणजे संघाला भिक्षा वाढणारी उपासिका मेखला. नावाडी मीच होतो. दोघांचे ऐकून घेत वल्हे आवरून बसणे, या सहनशीलतेलाच क्षांती म्हणतात.”

त्या दुपारी दोन्ही स्थविर एका चटईवर बसून जेवले.