खरखर

टेपा फिरत होत्या त्या काळापासून वसुधाताईंच्या स्टुडिओत एक लोखंडी पेटी होती. गाणाऱ्याच्या आवाजाला ती घुमारा द्यायची. पुढे कॉम्प्युटर आला, तसाच घुमारा एका क्लिकवर मिळू लागला, आणि ताईंनी पेटी विकायला काढली.

"माझं काम पळवलंस!" पेटी कॉम्प्युटरवर फणकारली.

तेवढ्यात ताईंनी कॉम्प्युटरवर नवं गाणं लावलं. सूर घुमला आणि शेवटी बारीक खरखरला.

पेटी दचकली. "अरे, ही खरखर तर माझी!"

"हो, आजी. ताईंनी तुझाच आवाज ऐकवून मला शिकवलं. खरखर काढून टाकता आली असती. पण मग मी कुणाचा नातू, हे कसं कळलं असतं?"

पेटी विकत घेतलेला गायक तिला उचलताना म्हणाला, "बापरे, किती जड!"

पेटीला मात्र अगदी हलकं वाटत होतं.