ढाब्यावरचा गद्दार

"...आणि येशूला कुठे लपवलायस?"

चर्चचे पाळकबाबा रणपिसे हनोखचं कॉमिक शेवटच्या पानापासून उघडत होते.

"लपवला नाही, बाबा. ढाब्यावर जेवायला बसलाय तोच. सोबत बारा मित्र. त्यातला एक पोलिसांना खबर देणार."

"हं."

"पण तुम्ही मागून का वाचताय?"

"आपली माणसं पुस्तक काढतात, त्यात शेवटच्या पानावर प्रार्थना असते. खाली चर्चचा पत्ता. लोक आधी तेच बघतात आणि पुस्तक खाली ठेवतात."

"माझ्यात नाहीये."

"तेच बघतोय."

बाबांनी पान उजेडात धरलं. पत्ता नव्हता. तरी त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही.

हनोख साळवे कॉमिक स्वतः लिहायचा, स्वतः काढायचा, स्वतःच छापून आणायचा. पुण्यातल्या कॉमिकच्या जत्रेत टेबल लावायचा. लोक यायचे, दोन-चार पानं चाळायचे, गोड हसायचे आणि कॉमिक जागेवर ठेवून द्यायचे. सुधारलेली आवृत्ती उद्या सकाळी छापायला जाणार होती. हीपण पडली, तर मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून भावी नगरसेवकांचे वाढदिवस करायचे, असं घरी ठरलं होतं.

"लोकांना संशय येतो, बाबा. धर्माचं आहे म्हणून."

"रहस्यकथा आहे ना? मग संशय नको यायला?"

"तसला नाही हो."

बाबा दुसऱ्या पानावर थांबले. एका चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"हा गद्दार."

"...कसं कळलं?"

"बाकीचे अकरा देखणे. याचे डोळे बारीक, नाक पोपटाचं, शर्ट काळा. वेटरसुद्धा याला पाणी लांबून देतोय."

बाबांनी बोट तिथेच ठेवलं.

"आणि हे आपले गायनमंडळाचे खरातकाका आहेत."

"छे!"

"गालावर चामखीळ आहे."

"चामखीळ कुणालाही असते, बाबा."

"चर्चच्या कमिटीसमोर खरात म्हणाला, हे पोरगं बायबलची टिंगल करतंय. जुन्या आवृत्तीत चामखीळ नव्हती."

"...मग? फितुरीच केली ना त्यांनी?"

बाबांनी कॉमिक मिटलं.

"अरे, त्या रात्री येशू म्हणाला, तुमच्यातलाच एक जण मला धरून देणार. तेव्हा त्या बाराजणांनी काय विचारलं?"

हे हनोखला पाठ होतं. संडेस्कूलमध्ये याच उत्तरावर त्याला कंपासपेटी मिळाली होती.

"'प्रभू, मी तर नाही ना?'"

"कुणी विचारलं?"

"सगळ्यांनी. एकेकानं."

"'तो खरात आहे का?' असं कुणी विचारलं?"

"नाही."

"इतके दिवस एका ताटात जेवले, तरी शेजारच्याला कळलं नाही. आणि तुझ्या गिऱ्हाइकाला दुसऱ्या पानावर कळतं. पुढे त्यानं काय वाचायचं? मेनूकार्ड?"

हनोखनं एकदा त्या चामखिळीकडे बघितलं. मग त्यानं पिशवीतून कोरा कागद आणि पेन्सिल काढली.

"ठीके. चेहरा बदलतो. पण मग कुणाला संशयच येणार नाही असा माणूस पाहिजे. सज्जन. बघितल्या बघितल्या हात जोडावेत असा. तो आज संध्याकाळपर्यंत आणू कुठून?"

बाबा उठले.

कपाटातून रविवारचा उपासनेचा झगा काढून अंगात घातला. भिंतीवरच्या आरशात बघून केस बसवले. खुर्ची खिडकीपाशी ओढली, बसले, हात गुडघ्यांवर ठेवले.

"काढ. डावीकडून जरा बरा दिसतो मी."

"बाबा... कमिटी मला हाकलून देईल."

"काढ."

हनोखनं नाक काढलं. डोळे काढले. खोडले. परत काढले. कागदावर एक प्रेमळ म्हातारा बसला होता. असा, की त्याच्याकडे घराची किल्ली ठेवून खुशाल गावाला जावं.

"जमत नाहीये, बाबा. जरा कपटी तोंड करा ना."

"केलंय. रोजचंच आहे."