ज्येष्ठमधाचा कडू काढा

“मग पाठशाळा बंदच करू का, आबा?”

दिगंबर वैद्यानं अंगणात पाय ठेवल्या ठेवल्याच विचारलं. त्याचे गुरू, आबा वैद्य, ओसरीवर बसून सुंठ कुटत होते.

“आधी बस तरी. झालं काय?”

“बचनागाची मात्रा सांगताना जीभ घसरली माझी. तांदूळभर म्हणायचं, ते गुंजभर, म्हणजे कितीतरी पट म्हणून बसलो. भर पाठात.”

“बरं...”

“एका शिष्यानं घरी जाऊन तशीच्या तशी दिली. सख्ख्या मामाला! विष ते, आबा. ओकारी झाली म्हणून मामा वाचला, नाहीतर आटोपलंच होतं.”

आबांचा बत्ता थांबला.

“कुणाला शंकासुद्धा आली नाही?”

“आली होती ना, तेच तर! निम्म्यांना चूक कळली होती. आणि म्हणतात कसे, ‘गुरुजी सांगताहेत म्हणजे त्यात काहीतरी असेल.’”

आता या दिगंबरपंतांचा पंचक्रोशीत केवढा बोलबाला! त्यांचा पाठ ऐकला की शंकेला जागाच उरत नाही म्हणे. पोरं खाली मान घालून ऐकायची, घडाघडा म्हणून दाखवायची, आणि पंतांची छाती फुगायची. इथे आबांकडे मात्र रोजचा गलका. आबा रोज काहीतरी चुकायचे, कुणीतरी पोर “आबा, चुकलं!” म्हणून ओरडायचं, आणि आबा आसनावरून उठून त्याला हात जोडायचे. इथे शिकत असताना दिगंबराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. म्हातारा विसरायला लागला, असंच तो धरून चालला होता. आपल्या पाठशाळेत असला पोरखेळ नको, हे त्यानं तेव्हाच ठरवून टाकलं.

आबा आत जाऊन काढ्याचा पेला घेऊन आले.

“घे, दमून आलायस. ज्येष्ठमध जरा सढळ हातानं पडलाय. कडू लागेल.”

दिगंबरानं घोट घेतला.

“कसा आहे?”

“कडू आहे, आबा.”

“फार?”

“...बराच.”

आबांनी पेल्याकडे बोट दाखवलं.

दिगंबरानं दुसरा घोट घेतला, आणि त्याचे कान तापले. अरे, ज्येष्ठमध! खोकल्याला लहान पोरं चघळतात तो. जिभेवर चांगली गोडी होती, आणि आपण काय बोलून गेलो?

“आबा... गोड आहे. तुम्ही चुकलात.”

एवढं म्हणताना त्याला घाम फुटला.

आबा उठले. त्यांनी दोन्ही हात जोडले, अगदी पूर्वी पोरांना जोडायचे तसेच.

दिगंबराच्या डोळ्यांना धारा लागल्या. त्यानं आबांचे पाय धरले.

“किती उपकार तुमचे, आबा! रोज हेच शिकवत होतात, आणि मी करंटा तुमची लाज धरून बसलो. नाही बंद करत पाठशाळा. उद्याच जातो आणि पहिल्याच पाठात मुद्दाम चुकतो. तुमच्यासारखा!”

“मुद्दाम?”

“म्हणजे... तुमच्या त्या सगळ्या चुका मुद्दामच होत्या ना?”

आबा पुन्हा सुंठ कुटायला बसले.

“निम्म्याच रे. बाकीच्या तुम्ही पकडल्यात, म्हणून माझे रोगी जगले.”